हेड बेंड झालंय, थेट फेसिंग मारू का?

प्रश्न थोडक्यात असा. (हेड म्हणजे इंजिनात सिलिंडरच्या वर बसणारं झाकण, फेसिंग म्हणजे त्याचं खालचं तोंड मशीनवर कापून सपाट करणं.) जालना जिल्ह्यातल्या एका शेतकरी भावाची डिझेल पिकअप आहे. चार सिलिंडर, ॲल्युमिनियमचं हेड, बिडाचा ब्लॉक, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) हेडातच. घनसावंगीहून मोसंबी भरून जालन्याला निघाले आणि अंबडच्या पुढे पाण्याचा होज फाटला. टेंपरेचरचा काटा आधी लालला टेकला, मग आपोआप खाली आला, म्हणून त्यांनी गाडी आणखी तीन-चार किलोमीटर ओढली. आता हेड उतरवलंय. लेथवाल्याने ०.२२ मिमी बेंड सांगितला आणि म्हणाला, "नऊ-दहा थाउ काढून देतो, संध्याकाळी घेऊन जा." (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग.) दुसरे मिस्त्री म्हणतात हे हेड भंगारात घाला, नवीन आणा. तिसऱ्याने सांगितलं की काचेवर पॉलिश पेपर टाकून घरीच घासा. कोणाचं ऐकायचं?

मी लातूरला २६ वर्षांपासून हेड आणि ब्लॉकचीच कामं करतोय. आधी सरळ उत्तर देतो: आज फेसिंग मारू नका आणि हेड भंगारातही घालू नका. लेथवाल्याने ०.२२ मोजलं ते फक्त खालच्या तोंडाचं माप आहे. वाकलंय मात्र अख्खं हेड. तोंड सपाट करणं हे या कामातलं सगळ्यात शेवटचं काम. त्याआधीच्या तपासण्या सोडल्या तर फेसिंगचे पैसे, गॅस्केटचे (हेड आणि ब्लॉकमधल्या सीलचे) पैसे आणि मजुरी सगळं दोनदा भरावं लागतं. माझ्याकडे येणाऱ्या हेडांत कितीतरी अशी असतात की कुठेतरी घाईत तोंड मारून झालेलं असतं आणि महिन्या-दोन महिन्यांत गॅस्केट परत उडालेलं असतं.

काटा खाली आला म्हणून गाडी ओढली, हे वाचून वाईट वाटलं. हा धोका कोणी ड्रायव्हरला सांगतच नाही. काट्याचा सेन्सर पाण्यात बुडलेला असतो. होज फाटून पाणी निघून गेलं की तो मोकळ्या हवेत आणि वाफेत लटकतो, धातूची उष्णता त्याच्यापर्यंत नीट पोचत नाही आणि काटा उतरतो. इंजिन तेव्हा आतून जळत असतं. लालला गेलेला काटा पाणी न घालता स्वतःहून खाली आला तर इंजिन थंड झालं असं समजू नका, पाणी संपलं असं समजा. त्याच जागी चावी बंद करायची, बॉनेट उघडायचं आणि तास-दीड तास काही करायचं नाही. ढाब्यावरून बादली आणून तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर बेंडसोबत तडाही पदरात पडतो.

आता हेड वाकतं कसं ते बघू, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. तुमचं हेड साधारण ४०० मिमी लांब धरा. नेहमीपेक्षा १०० अंश जास्त तापलं तर ते ०.९ मिमीच्या आसपास लांबायला बघतं, आणि खालचा ब्लॉक तेवढ्याच तापमानाला ०.४४ मिमी. जवळपास अर्धा मिलिमीटरचा फरक. पण हेड दहा बोल्टांनी आवळलेलं आहे, लांबीत सरकायला जागाच नाही. मग ते मधोमध वर उचलायला बघतं, कमानीसारखं. त्यात मधले दोन सिलिंडर सगळ्यात गरम. धातू त्या ताणाखाली कायमचा दबतो आणि थंड झाल्यावर कमान तशीच राहते. म्हणूनच पट्टी ठेवल्यावर फीलर (फट मोजायची पातळ पाती) बहुतेक वेळा मधे शिरतो, टोकांना शिरत नाही.

कमान खालच्या तोंडाला आली म्हणजे वरच्या कॅमच्या रेषेलाही आली. कॅम बसतो त्या पाच घरांपैकी मधलं घर वर गेलेलं असतं. तुम्ही खालून दहा थाउ काढून तोंड आरशासारखं केलं तरी वरची रेषा वाकडीच राहिली. त्या वाकड्या घरांत सरळ कॅम आवळला की तो मधे घासतो, घर खातो, आणि एक दिवस कॅम तुटतो किंवा टायमिंग बेल्ट तुटतो. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. ट्रॅक्टरवाल्यांना ही भीती सहसा नसते, कारण बहुतेक ट्रॅक्टरचा कॅम खाली ब्लॉकात असतो आणि हेड बिडाचं असतं. बिडाचं हेड वाकतं कमी आणि तडकतं जास्त. पिकअप आणि कारवाल्यांनी मात्र हे पक्कं लक्षात ठेवावं.

तपासायला मशीन लागत नाही. व्हॉल्व्ह, स्प्रिंग, टॅपेट सगळं काढून घ्या. कॅमची घरं पुसून प्रत्येक घरात ऑइलचा थेंब टाका, नुसता कॅम ठेवा, कॅप त्यांच्या नंबराप्रमाणे आणि दिशेप्रमाणे बसवून टॉर्कने (पुस्तकातल्या ठरलेल्या जोराने) आवळा. आता कॅमचं टोक दोन बोटांत धरून फिरवा. चांगल्या हेडात तो पुऱ्या फेऱ्यात एकसारखा, लोण्यातून फिरल्यासारखा फिरतो. वाकलेल्या हेडात जड जातो, आणि एक-एक कॅप सैल करून बघितली तर टोकाची कॅप सैल केल्या-केल्या हलका होतो. गेल्या उन्हाळ्यात उदगीरहून एक पोरगा असंच ०.१८ चं हेड घेऊन आला होता, फेसिंगच हवं म्हणून हटून बसला. मी काही बोललो नाही, त्याच्याच हाताने कॅम बसवायला लावला. पाना लावल्याशिवाय कॅम हलेना. कॅप काढून बघितलं तर मधल्या घराच्या खालच्या अर्ध्यात चमकणारा पट्टा पडला होता, नख लावलं तर कडेला अडकत होतं. तो पट्टा बघून पोरगा म्हणाला, "मामा, मग तोंड मारून काय उपयोग?" मलाही त्याला हेच सांगायचं होतं.

कॅम जड फिरत असेल तर हेड आधी सरळ करावं लागतं, फेसिंग मग. पद्धत अशी. सपाट घासलेली जाड लोखंडी प्लेट घ्यायची, किमान दोन इंची. हेडाच्या दोन्ही टोकांखाली सारख्या जाडीच्या शिमा (पातळ पत्रे) घालून मध्यभाग बोल्टने प्लेटकडे ओढायचा, मग प्लेटसकट भट्टीत २३० ते २६० अंशांवर काही तास ठेवायचं आणि भट्टी बंद करून आतच थंड होऊ द्यायचं. शिमा किती घालायच्या ते अनुभवाने ठरतं, कारण सोडल्यावर हेड थोडं परत येतं. हे काम गॅसच्या टॉर्चने करतो म्हणणाऱ्याला हेड देऊ नका. टॉर्चने एका जागी आग लागते, दुसरी जागा थंड राहते, आणि नवा ताण भरला जातो. हायड्रॉलिक प्रेसखाली थंडच दाबणाऱ्यालाही देऊ नका. तडा जातो, नाहीतर आठ दिवसांत हेड परत कमानीत जातं. भट्टीची सोय आपल्याकडे मोजक्याच ठिकाणी आहे, त्यासाठी मोठ्या शहरात पाठवावं लागलं तर पाठवा. सरळ केल्यावर कॅमची रेषा थोडी राहिलीच तर घरं एका रेषेत बोअर करून घेता येतात.

पण सरळ करण्याइतका जीव त्या धातूत उरलाय का, हेही बघावं लागतं. हेडाचं ॲल्युमिनियम कारखान्यात उष्णतेची प्रक्रिया देऊन कडक केलेलं असतं. बराच वेळ फार जास्त तापलेलं राहिलं की तो कडकपणा जातो आणि धातू मऊ पडतो. मऊ हेड कितीही सपाट करा, बोल्ट आवळले की वॉशरखाली दबत जातं, आवळण सैल पडते आणि गॅस्केट उडतं. हार्डनेस टेस्टर ज्याच्याकडे असेल त्याच्याकडून तीन-चार ठिकाणी मोजून घ्या, खासकरून मधल्या दोन सिलिंडरच्या मधे, आणि टोकाच्या थंड भागाशी ताडून बघा. टेस्टर नसेल तर बोल्टच्या जागा नीट बघा. वॉशरचा गोल ठसा सगळीकडे असतोच, पण मधल्या बोल्टांचा ठसा खड्ड्यासारखा खोल आणि कडेला धातू वर आलेला असेल तर हेड मऊ झालंय. व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कडी) घरातून हलत असेल, पितळी रॉडने हलकेच ठोकल्यावर सरकत असेल, तरीही तेच. अशा हेडावर एक रुपयाही घालू नका. इथे तुमचे दुसरे मिस्त्री बरोबर ठरतील.

तड्यांची तपासणी फेसिंगच्या आधीच हवी, नाहीतर कापून झाल्यावर तडा सापडतो आणि कापायचे पैसे वाया जातात. ॲल्युमिनियमच्या डिझेल हेडात तडा बहुतेक इनलेट आणि एक्झॉस्ट सीटच्या मधल्या अरुंद पट्टीत किंवा डिझेल फवारणाऱ्या नोझलच्या भोकाकडे जाणारा असतो. पाण्याची सगळी तोंडं रबर आणि प्लेटने बंद करून, दोन ते तीन बार हवा भरून, हेड गरम पाण्याच्या टाकीत बुडवायचं. पाणी ७०-८० अंशांचं हवं. थंड पाण्यात बारीक तडा मिटलेला असतो, बुडबुडाच येत नाही. घाईत काम उरकणारे नेमकं गार पाणी वापरतात. टाकीची सोय नसेल तर लाल डाय आणि पांढरा डेव्हलपर मारून बघा. त्यात वरपर्यंत आलेला तडा दिसतो, आतल्या पाण्याच्या वाटेतला दिसत नाही.

आता मोजण्याबद्दल. ०.२२ हा आकडा कशाने मोजला ते विचारा. शाळेतल्या पट्टीसारखी स्टीलची फूटपट्टी उभी धरून मोजलं असेल तर तो आकडा सोडून द्या. त्यासाठी घासून सरळ केलेली स्ट्रेट एज लागते, हेडापेक्षा लांब. त्याआधी तोंड स्वच्छ हवं, आणि स्वच्छ करायला ग्राइंडरची तारेची चकती किंवा खरखरीत डिस्क फिरवायची नाही. मऊ ॲल्युमिनियममध्ये ती दोन सेकंदांत खळगा पाडते आणि तिची धूळ ऑइलच्या वाटेत शिरली की बेअरिंग खाते. थिनर, लाकडी किंवा प्लॅस्टिकची खरवड आणि धीर, एवढं पुरतं. पट्टी लांबीत दोन्ही कडांना, रुंदीत दोन्ही टोकांना आणि दोन्ही कर्णांवर ठेवा, फीलर प्रत्येक वेळी सिलिंडरच्या मधल्या पट्ट्यांवर घालून बघा. कर्णांचे दोन आकडे वेगळे आले तर हेडाला पीळ आहे, आणि पिळाचं हेड वाकलेल्या हेडापेक्षा अवघड. ढोबळ हिशोब असा धरतात: लांबीत दर सिलिंडरला एक थाउ, म्हणजे चार सिलिंडरला चार थाउ, ०.१० मिमी. त्यातही तीन इंचांत एका थाउपेक्षा जास्त खड्डा चालत नाही. बऱ्याच कंपन्या लहान इंजिनांना ०.०५ च सांगतात. तुमच्या गाडीच्या पुस्तकात जो आकडा असेल तो शेवटचा.

त्याच पट्टीने ब्लॉकचं तोंडही मोजा. हे जवळजवळ कोणीच करत नाही! बिडाचा ब्लॉक सहसा वाकत नाही, पण सिलिंडरच्या कडेला गॅस्केटच्या कड्याने गल्ली पाडलेली असते, आणि दोन सिलिंडरच्या मधे गॅस फुटून धातू खाल्लेला असतो. ब्लॉक तसाच ठेवून हेड कितीही चांगलं केलं तरी गॅस्केट तिथेच उडणार. सुटा लायनर (सिलिंडरची आतली नळी) असेल तर तो ब्लॉकच्या वर किती आलाय हेही डायलने बघा. सगळे सारखे आणि पुस्तकातल्या मापात हवेत.

हे सगळं पार पडलं की मग फेसिंग, आणि त्यातही सगळ्यात जास्त हेडं बिघडतात ती बांधताना. शिकत होतो तेव्हा परभणीत माझ्या उस्तादांच्या हाताखाली मी एक हेड मिलिंगच्या टेबलावर ठेवलं, चारी क्लॅम्प चांगले जोर लावून आवळले आणि कट घेतला. टेबलावर डायल (उंचसखलपणा सुईने दाखवणारं माप) फिरवली, शून्य. खूष झालो. उस्तादांनी न बोलता क्लॅम्प सोडले आणि डायल परत फिरवायला सांगितली. सुई सहा थाउ फिरली. वाकलेलं हेड मी क्लॅम्पने दाबून सरळ केलं होतं, सरळ असताना सपाट कापलं होतं, आणि सोडल्यावर ते आपल्या कमानीत परत गेलं. उस्ताद म्हणाले, "बेटा, हेड बांधायचं नसतं, ठेवायचं असतं." त्या दिवसापासून मी हेड आधी मोकळं ठेवतो, ते जिथे हलतं तिथे शिम घालतो, सगळे कोपरे शिमांवर आरामात टेकले की मगच क्लॅम्प नुसते पकडीपुरते आवळतो. डायल लावून ठेवतो आणि आवळताना सुई एका शतांशाहून (०.०१ मिमी) जास्त हलली तर सोडून परत शिम बघतो. लेथवाल्याकडे उभे राहिलात तर नेमकं हेच बघा. "संध्याकाळी घेऊन जा" म्हणणारा इतका वेळ देतो का, ते तिथेच कळेल.

कापायचं कशाने, यावर वाद होतात. ॲल्युमिनियमला मी मिलिंगवर एका टिपेचा मोठा फ्लाय कटर पसंत करतो. ग्राइंडिंगचा दगड ॲल्युमिनियमने भरून चकचकीत होतो, मग कापण्याऐवजी रगडतो आणि तापवतो. बिडाच्या हेडाला मात्र ग्राइंडिंग उत्तम. जुन्या डिझेल हेडांत ॲल्युमिनियममध्ये स्टीलच्या कपासारखे तुकडे बसवलेले असतात, ते एकाच टिपेने सोबत कापायला गेलं की स्टील वर उरतं आणि बाजूचं ॲल्युमिनियम जास्त उडतं. शेवटचा कट दोन-तीन शतांशांचा, हळू फीडने, एका दमात, मधे मशीन न थांबवता. थांबलं तिथे रेघ पडते. तोंड किती गुळगुळीत हवं ते गॅस्केटवर ठरतं. साध्या कॉम्पोझिट गॅस्केटला १.५ ते ३ मायक्रॉन खरखरीतपणा चालतो, किंबहुना लागतो, कारण त्यावरच ते धरून बसतं. स्टीलच्या थरांच्या गॅस्केटला एक मायक्रॉनच्या आत हवं. तुमच्या डिझेलला बहुधा स्टीलचंच असेल. नख आडवं ओढलं आणि रेघा मोजता आल्या तर ते तोंड स्टीलच्या गॅस्केटला चालणार नाही.

किती काढायचं याचा हिशोब पेट्रोल आणि डिझेलला वेगळा. पेट्रोलच्या हेडात जळण्याची पोकळी हेडातच असते. ७५ मिमी बोअरला ०.२ मिमी काढलं की पोकळी पाऊण-एक सीसीने कमी होते. ३०० सीसीचा सिलिंडर आणि ९.५ कॉम्प्रेशन असेल तर ते ९.७ च्या आसपास जातं. तेवढ्याने फार बिघडत नाही. तुमच्यासारख्या सपाट हेडाच्या डिझेलला पोकळी पिस्टनमध्ये असते, म्हणून कॉम्प्रेशन फारसं बदलत नाही. बदलतं ते दुसरंच: व्हॉल्व्ह आणि नोझलचं टोक पिस्टनच्या तेवढंच जवळ येतं. डिझेलमध्ये पिस्टन आणि व्हॉल्व्हमधलं अंतर आधीच बेताचं असतं, त्यातून पाव मिमी गेलं तर थंड असताना चालतं आणि पूर्ण स्पीडला टकटक सुरू होते. म्हणून सीट तेवढ्या खोल कापून व्हॉल्व्ह पुस्तकातल्या मापावर खाली, म्हणजे हेडाच्या आत, बसवावे लागतात. व्हॉल्व्ह खाली बसले की त्यांचा दांडा वर तेवढाच जास्त निघतो, म्हणजे टॅपेटचा गॅप कमी होतो. शिम बदला किंवा दांड्याचं टोक घासून घ्या. हे विसरलं की व्हॉल्व्ह पुरता बंदच होत नाही आणि हजार-दोन हजार किलोमीटरमध्ये जळतो. नोझलखाली त्या मापाचं वॉशर घाला.

गॅस्केटच्या कडेला खाचा किंवा भोकं असतात ती शोभेची नव्हेत, तो जाडीचा नंबर आहे. मूळ नियम पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते डायलने मोजून जाडी निवडायचा आहे. हेड कापलंय म्हणून एक नंबर जाड घ्यायचा सल्ला सर्रास देतात. व्हॉल्व्ह बरोबर खाली बसवले असतील तर त्याची गरज पडत नाही. खात्रीसाठी एक करा: पिस्टनच्या माथ्याच्या सपाट कडेवर, पिनच्या रेषेत, सोल्डरच्या तारेचे दोन तुकडे ग्रीसने चिकटवा, जुनं गॅस्केट घालून हेड आवळा, हाताने इंजिन एक पूर्ण फेरा फिरवा आणि दबलेली तार मायक्रोमीटरने मोजा. सगळे सिलिंडर पुस्तकातल्या आकड्याच्या आत हवेत.

एक शेवटची अट. हेडाची कमीत कमी जाडी पुस्तकात दिलेली असते, आणि काही डिझेल कंपन्या फेसिंगला अजिबातच परवानगी देत नाहीत. तुमची त्यात आहे का ते आधी बघा. हे हेड आधीच कोणी कापलेलं असू शकतं. व्हर्नियरने चारी कोपऱ्यांत जाडी मोजली की लगेच कळेल.

काचेवर घासण्याबद्दल. हा उपाय खोटा नाही, चुकीच्या हेडाला सांगितला जातोय. मोटारसायकलचं हेड, विहिरीवरच्या एक सिलिंडरच्या डिझेल इंजिनाचं हेड, एक-दीड थाउचा बेंड, यासाठी मीही तो करतो. दहा-बारा मिमी जाड काच टेबलावर सपाट ठेवायची, १८० चा आणि मग ३२० चा पेपर रॉकेल टाकून चिकटवायचा, तोंडावर मार्करने जाळी आखायची आणि आठाच्या आकड्यात घासायचं, सारखं फिरवत, वरून न दाबता. जाळी सगळीकडून सारखी पुसली गेली की झालं. नंतर साबणाच्या पाण्याने तीनदा धुवायचं, दाणा राहता कामा नये. पण ४०० मिमीच्या हेडाला हाताचा दाब कधीच सारखा पडत नाही, टोकं जास्त झिजतात आणि कडा गोल होतात. नऊ थाउ तर घासणंच शक्य नाही.

बसवताना दोनच गोष्टींवर जोर देतो. ब्लॉकमधल्या बोल्टच्या भोकांत पाणी किंवा ऑइल राहिलं असेल तर बोल्ट उतरताना ते दबतं आणि ब्लॉक फाडतं, म्हणून प्रत्येक भोक टॅप फिरवून हवेने कोरडं करा. आणि बोल्ट. कोनात आवळायचे बोल्ट एकदा ताणले गेले की परत वापरायचे नसतात, नवे घ्या. टॉर्क रेंचने मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने, मग पुस्तकातल्या अंशांचा फेरा. पान्याला पाइप घालून अंदाजाने आवळणारे मिस्त्री चांगले असतीलही, पण या बोल्टांना अंदाज चालत नाही. स्टीलच्या गॅस्केटवर सीलंट लावू नका. आणि पुढे कधी हेड उतरवायची वेळ आली तर पूर्ण थंड असताना, बाहेरून मधे, उलट्या क्रमाने सोडा. कोमट इंजिनाचे बोल्ट सोडले म्हणून चांगलं हेड वाकलेलं मी डोळ्याने बघितलंय.

आता पाण्याचं. तुमचा होज फाटला, पण तो का फाटला? माझा अंदाज आहे की रेडिएटरात वर्षानुवर्षं बोअरचं पाणी पडलेलं आहे. आपल्या मराठवाड्याचं बोअरचं पाणी जड. उकळलं की पातेल्याच्या बुडाला पांढरा थर धरतं, तोच थर हेडाच्या आत एक्झॉस्ट सीटच्या मागे धरतो, जिथे थंडाव्याची सगळ्यात जास्त गरज. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, तेव्हा गाडीत काय घालायचं हा प्रश्नच नव्हता, टँकरचं जे मिळेल ते पडत होतं. त्यानंतरची दोन-तीन वर्षं माझ्याकडे आलेल्या हेडांच्या पाण्याच्या वाटा मी स्क्रू ड्रायव्हरने खरवडत होतो, अंड्याच्या टरफलासारखे तुकडे निघायचे. तेव्हा लोकांचा इलाज नव्हता. आज कूलंट तालुक्याला मिळतं. तयार मिसळलेलं घ्या, किंवा अर्धं कूलंट आणि अर्धं बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी. रेडिएटर बाहेरूनही धुवा. मोसंबीच्या बागेतून आणि कापसाच्या रानातून फिरणाऱ्या गाडीच्या जाळीत कचरा ठासलेला असतो. रेडिएटरचं झाकण नवीन टाका. एक बारचा दाब धरणारं झाकण असेल तर साधं पाणीही १२० अंशांपर्यंत उकळत नाही, झाकण सैल असेल तर शंभरलाच उकळतं. आणि थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. तो काढला की वाट बेताची राहत नाही, काही इंजिनांत तर पाणी रेडिएटरला वळसा घालून परत आत जातं.

तुमच्या हेडाचा निर्णय मी असा घेईन. कॅम बोटाने फिरत असेल, तडा नसेल, मधला धातू टोकाइतकाच कडक असेल, कंपनी फेसिंगला परवानगी देत असेल आणि जाडी शिल्लक असेल, तर पाव मिमी काढून, सीट खाली कापून, हे हेड बसवा. नीट केलं तर वर्षानुवर्षं चालेल. कॅम जड असेल पण धातू कडक असेल तर भट्टीत सरळ करून घ्या, मग बहुधा पाच-सात शतांशच कापावे लागतील. ०.२२ च्या बेंडला मला हीच शक्यता जास्त वाटते. धातू मऊ किंवा सीटमधे तडा निघाला तर नवीन हेड, आणि त्यात खर्च वाचवायला भंगारातलं जुनं हेड घेणार असाल तर तेही याच सगळ्या तपासण्या करूनच घ्या.

आधी कॅम बसवून बघा. तो कसा फिरला आणि चार कोपऱ्यांत हेडाची जाडी किती आली, एवढं लिहून पाठवा. इंजिनाचं मॉडेलही कळवा, म्हणजे सीट किती खाली घ्यायच्या ते सांगता येईल.